सरळ केसांत जट कुठून आली?

मित्रांनो, दुपारी सौंसरला एका विद्यार्थिनीच्या घरी गेलो होतो. आठवीतली ही मुलगी दोन महिने शाळेत आलेली नाही.

तिचे केस दाट, कुरळे. तापात तीन आठवडे विंचरले नाहीत आणि मानेवर जट झाली. घरच्यांनी जटेला हळदकुंकू वाहिलं.

"देवीनं निवडलं जी गुरुजी," आई म्हणाली. "आता शाळा नाई, लग्न नाई."

"ताई, गुंता आहे तो. तेल लावून सोडवू."

"हात नका लावू! घरात कोनी मरन."

मुलगी पुटपुटली, "सर, मान दुखून राहिली."

न विंचरलेल्या केसांना देवी म्हणता, मग लेकीला घरात कोंडण्याला काय म्हणाल?

तेवढ्यात तिची सहा वर्षांची धाकटी बहीण माझ्या मांडीवर येऊन बसली. तिचे केस अगदी सरळ. असे केस सहसा आपोआप वळत नाहीत. तरी एक बट दोरीसारखी घट्ट होती. हात लावला, तर बोटांना वडाचा चीक लागला.

"सासूबाईनं लावला," आई खाली बघत म्हणाली. "मोठी एकटी कशी राहीन देवीपाशी? सोबत पाहिजे ना जी."

मंगळवारी दोघींना देवीला सोडायला नेणार आहेत. मी उद्या पुन्हा जातोय. एकट्याला हाकलून देतील. तुमच्यातलं कोण येतं माझ्यासोबत?