काकूंना विकलेला धाकटा

१९५१च्या दिवाळीनंतरचा एक सोमवार. रक्कम सव्वा रुपया. हजर होतो आई, बायको, शेजारच्या काकू, मी आणि बारा दिवसांचा माझा धाकटा मुलगा. त्यालाच आम्ही त्या दिवशी काकूंना विकलं.

आमच्या राजपुरा मोहल्ल्यात याचं कुणाला नवल वाटलं नाही. आईला आठ मुलं झाली, जगलो तिघं. पोर विकून परक्याचं केलं की मरणाची नजर त्याच्यावर पडत नाही, असं ती मानी. मुलगा वाढला आमच्याच घरात. काकूंचा तो नावापुरता.

पाच वर्षांनी, नवा मध्य प्रदेश होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा, आईनं आणखी एका नातवंडाचा हट्ट धरला. धाकट्याच्या वेळी बायको मरता मरता वाचली होती. पुन्हा बाळंतपण नको, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आईला तिला थेट नाही म्हणवेना, पण तिची झोप उडाली.

काकूंचे यजमान शिक्षक. त्यांनी ओट्यावर बसून आईला समजावलं, "विलायतेतही पूर्वी घरोघरी आठ-आठ पोरं असत. रोगराई हटली, पोरं जगू लागली, मग हळूहळू लोकांनी कमी होऊ दिली. आपल्याकडे लस आली, डासांवर फवारणी आली, पण पोरांचा हिशेब आजीच्या काळातलाच. म्हणून इथं माणसं भराभर वाढतात, तिथं नाही."

"तिथल्या सासवांना हे पटायला किती वर्षं लागली, गुरुजी?" मी विचारलं.

"एक पिढी तरी."

"म्हणजे मला सून येईपर्यंत!" बायको आतून म्हणाली.

आईही हसली, पण हटली नाही. "दोन पोरांवर घर चालतं का?"

"दोन कुठं? तीन आहेत," मी म्हणालो.

"तिसरा यांचा." तिनं काकूंकडे बोट केलं.

विकलेलं पोर ती खरंच मोजत नव्हती. मोजलं तर जाईल, ही भीती.

काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माई, देवीची लस झाली, गोवर झाला, आता रोज माझ्या भिंतीवर चढून राहिला. घेऊन जा तुमचा माल! पण सव्वा रुपयात नाही मिळणार. वाढलेला आहे."

"वाढवला आम्ही!"

"मग ठेवू का मीच?"

आईनं नातवाला जवळ ओढलं, डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. "तीन झाली," ती हळूच म्हणाली. मग आत वळून मोठ्यानं, "सूनबाई, तीन पुरे गं."

काकूंना सव्वा रुपया, एक खण आणि फोपनारच्या केळ्यांचा एक घड पोचता झाला. पैसे आईनं स्वतःच्या कनवटीचे दिले.