मामांची पाठ

माझ्या बायकोच्या मामांइतकी दुसऱ्यांच्या झोपेची काळजी करणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडायचा नाही. शिवाजी पेठेत त्यांचं गाद्या भरायचं दुकान. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा आणि वीतभर सुईने टाके घालायचे, यात त्यांची हयात गेली. त्यामुळे कुणाकडेही गेले, की ते यजमानांच्या आधी गादीची विचारपूस करत. बसण्यापूर्वी तळहाताने दाबून बघत आणि चेहरा असा करत, की घरच्या बाईला कुणी आपले डबे उघडून पाहिल्यासारखं वाटावं. एकदा आम्ही मयताच्या घरी भेटायला गेलो होतो. चारचौघांत मामा म्हणाले, "डाव्या अंगाला गठळ्या झाल्यात की. माणूस वरीसभर झोपला न्हाय, आन् तुम्ही हार्टचं म्हणताय." मी बायकोकडे पाहिलं, बायकोने जमिनीकडे.

पूर्वी दसऱ्याच्या आधी पेठेतल्या गाद्यांची त्यांच्या दुकानापुढे चळत लागायची. लेकीच्या लग्नात भांडी कुठलीही चालत, गादी मात्र मामांची लागे. मग फोम आला आणि ती चळत दरवर्षी खाली खाली येत गेली. "आता माणसं गादी टाकूनच देत्यात, पावणं," मामा मला म्हणायचे. जावई म्हणून मी पावणं, ते आजतागायत. "आम्ही उसवून परत भरायचो." हे ते तक्रार म्हणून सांगत नसत, दमलेला माणूस पाणी मागतो, तसं सांगत.

त्यात त्यांच्या मुलानेच जयसिंगपुरात फोमच्या गाद्यांचं दुकान काढलं. मामा कौतुकाने गेले आणि गल्ल्यावर बसले. नवीन लग्न झालेलं एक जोडपं आलं. गादी किती टिकेल, असं त्यांनी विचारल्यावर मामा म्हणाले, "ही परत पिंजता येत न्हाय. दबली की दबली." जोडपं गेलं. मुलगा रागावला नाही. एवढंच म्हणाला, "अण्णा, तुम्ही पेठेतच बसा." मामा पेठेतच बसले. पुढे बापलेकांत बोलणं उरलं ते जेवलात का आणि गोळी घेतली का, इतकंच.

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही आमची गादी पिंजायला नेली. मामांनी खोळ उसवायला घेतली आणि मध्येच थांबले. खांदा वर जात नव्हता. उसवलेली कड त्यांनी दुसऱ्या हाताने दुमडून ठेवली.

"पोराकडं जाऊया," ते म्हणाले. "मी येतो संगं."

बापाला दारात बघून मुलगा गडबडला. दुकानातली सगळ्यात भारी गादी त्याने पुढे ओढली. "बघा की अण्णा, कशी वाटती?" आवाज पोराचाच होता, दुकानदाराचा नव्हता.

मामांनी चपला काढल्या, "जरा पाठ टेकतो" म्हणाले आणि आडवे झाले. थोड्या वेळाने घोरू लागले.

 मुलाने पंखा त्यांच्याकडे वळवला. ऊन तोंडावर येत होतं म्हणून शटर अर्ध्यावर ओढलं. आम्ही दोघं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. बाहेर कुणीतरी गिऱ्हाईक आलं, तसा तो शटरखालून वाकून गेला. त्याचा हलका आवाज आत ऐकू आला.

"संध्याकाळी या, पावणं. आमचे अण्णा झोपल्यात."