उशिरा पडणारा ठोका

मी तिसरी पास. पण कानाचं शिक्षण शाळेत मिळत नाही, आणि माझा कान दौंडला रेल्वेच्या गँगमध्ये तयार झालेला आहे. रुळावर हातोडा मारला की आवाजावरून सांगायचो, खालची खडी बसलेली आहे का पोकळ. मुकादम वाकून तपासायचा आणि माझंच खरं निघायचं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्याला गाण्यातलं काय कळतंय.

नोकरी संपल्यावर कारेगावात घराला लागून तीन खोल्या काढल्या. कंपन्या नव्यानं आल्या होत्या, खोली एक दिवस रिकामी राहत नव्हती. मधल्या खोलीत दोघं जण होते, एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला. नावं घेणार नाही. एकाचे केस खांद्यापर्यंत होते, कंपनीत टोपीखाली कोंबायचा. दुसऱ्याला जाड भिंगाचा चष्मा होता. तर केसवाला आणि चष्मेवाला.

त्यांनी कॉम्प्युटर आणला त्या दिवशी दुपारी बायको हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आली. "अवो, त्या पोराला उलट्या होत्यात बहुतेक. लिंबू-पाणी देऊ का?"

मी जाऊन बघितलं तर दोघं मांडी घालून बसलेले आणि आवाज कॉम्प्युटरच्या पेटीतनं येत होता.

"आबा, गाणं हाय हे," केसवाला म्हणाला.

"कुणी म्हटलंय? रेड्यानं?"

दोघं हसले. चष्मेवाल्यानं सांगितलं, ह्याला ब्रूटल डेथ मेटल म्हणतात. मी अर्थ विचारला. "मरणाचं गाणं, आबा. एकदम क्रूर."

"मरणाचं गाणं असं नसतंय," मी म्हणालो आणि बाहेर आलो. का म्हणालो ते त्यांनी विचारलं नाही, ते बरं झालं.

पहिल्या शिफ्टवरून आले की ते ओट्यावर बसून भांडायचे. मी दाराशी पाण्याच्या निळ्या पिंपाला टेकून खुर्चीत असायचो. चष्मेवाल्याचं म्हणणं ठरलेलं. ह्या गाणेवाल्यांना गाणं बांधता येत नाही, वीस तुकडे नुसते एकापुढं एक ठेवतात. "हा तुकडा काढून तिकडं लावला तर कुणाला कळंल का? न्हाई ना? मग ते गाणं न्हाई, भंगाराचं दुकान झालं."

"पण अंगावर येतंय का न्हाई?" केसवाला म्हणायचा.

"अंगावर तर हायवेचा ट्रक पण येतो. त्याची सीडी घेतो का?"

हळूहळू मला त्यातलं वेगळं कळायला लागलं. एकदा म्हणालो, "हे मगाशी लावलं तेच हाय, नुसते ठोके कमी करून वाजवलंय." चष्मेवाल्यानं दोन्ही परत लावून बघितली आणि माझ्या पायाला हात लावला. तेव्हापासून भांडण झालं की निवाडा माझ्याकडं. आबा, हे चोरीचं का सोताचं? मी डोळे मिटून ऐकायचो आणि सांगायचो. खोटं कशाला बोलू, मला त्याचा मान वाटायचा.

त्यांनी पुण्यातला एक मित्र घेऊन तिघांचा बँड केला होता. पुढच्या महिन्यात पुण्यात एका हॉलमध्ये पहिला कार्यक्रम होता. चष्मेवाल्याची अट एकच, चोरलेलं काही वाजवायचं नाही. चोरी निघाली तर बँड मोडला. केसवाल्यानं मान्य केलं होतं. रिकाम्या वेळात तो दुसरं काही करत नव्हता. त्याला घरचं कुणी आहे असं कधी बोलण्यात आलं नाही. जे होतं ते हे गाणं.

आता माझं सांगतो. आमच्या घराकडं हलगी होती. आमच्या गावी, केंदूरच्या बाजूला, कुणी गेलं की तिरडीच्या पुढं माझा बाप वाजवायचा. त्याचा ठेका त्याचाच होता. एक जड ठोका, मग थांबायचं, दोन हलके, आणि चौथा मुद्दाम उशिरा. ऐकणारा त्या चौथ्याची वाट बघत राहायचा. मळ्यात असलेली माणसं तो ठेका ऐकून हातातलं काम टाकायची, बाया चूल विझवायच्या.

बापानं धम्म घेतला त्या दिवशी हलगी अंगणात आणली आणि विळ्यानं तिचं चामडं फाडलं. मला जवळ ओढून माझा उजवा हात त्या फाटक्या चामड्यावर दाबला. "मेलेल्याच्या म्होरं आपण वाजवायचं आन् जित्यांनी आपल्याला दारात उभं करायचं न्हाई. बास झालं. ह्यो ठेका आता ह्या घरातनं कवा निघायचा न्हाई. बोल." मी बोललो. नऊ-दहा वर्षांचा असेन. गावानं पुढं दुसरीकडनं वाजवणारे आणले, त्यांचा ठेका वेगळा. बापाचा ठेका बापाबरोबर गेला. हलगीला मी परत शिवलो नाही, आणि त्याचा मला गर्व होता, आजही आहे.

तर एक दिवस दुपारी मी खुर्चीत पेंगत होतो आणि मधल्या खोलीतून तो ठेका आला.

जड ठोका. थांबला. दोन हलके. मी श्वास धरला. चौथा उशिरा पडला.

वरून गिटार गुरगुरत होती, पण खाली तेच होतं. आत चष्मेवाला म्हणत होता, "कुणाचंय हे?"

"माझं."

"तुझं न्हाई. तुला असं थांबायला येत न्हाई, तू नुसता पळतो. खरं सांग, कुठनं उचललं?"

तीन दिवस चष्मेवाल्यानं सगळ्या सीड्या पालथ्या घातल्या. एकीतही तो ठेका सापडला नाही. म्हणून केसवाल्यानं कॉम्प्युटरवर बांधलेलं ते गाणं तो परत परत लावायचा, आणि रोज दुपारी आमच्या भिंतीतून माझा बाप वाजवायचा. बायको बोलेनाशी झाली. एकदा नुसतं म्हणाली, "बंद करायला सांगा." मी म्हणालो, "पोरांना काय ठावं." निवाडा मागायला चष्मेवाला आला तेव्हाही म्हणालो, "उद्या सांगतो."

चौथ्या दिवशी त्यांनी मोठा स्पीकर आणला आणि दार उघडं ठेवून लावलं.

समोरच्या चाळीत केंदूरचीच एक म्हातारी होती, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिचा एकुलता लेक कंपनीत प्रेसवर होता आणि त्या दिवशी दुसऱ्या शिफ्टला गेला होता. ती डोक्यावर पदर घेऊन रस्त्यात आली. हात ओले होते, स्टोव्हवर पाणी ओतून आली होती. माझ्या फाटकापाशी थांबून तिनं विचारलं, "कोण गेलं?"

आत ठेका चालूच होता.

"कंपनीतनं सांगावा आलाय का? माझा लेक हाय का? आबा, तुमच्याच घरचा ठेका हाय ह्यो, मी वळखते. कोण गेलं ते सांगा."

ती खाली बसली आणि तिनं हंबरडा फोडला. चाळीतली माणसं जमली. कुणीतरी गाडी काढून कंपनीच्या गेटवर गेला. चष्मेवाल्यानं धावत जाऊन आवाज बंद केला. पाऊण तासानं लेक स्वतः आला, धडधाकट, हाताला तेल लागलेलं. तरी म्हातारी त्याच्या तोंडावरून हात फिरवत होती आणि तिचा विश्वास बसत नव्हता.

मग सगळे केसवाल्याकडं वळले. चष्मेवाला म्हणाला, "म्हणजे इथलंच उचललंय. आता तरी सांग."

केसवाल्यानं माझ्याकडं बघितलं. "आबांचं हाय. आबा रोज वाजवतात, पिंपावर. बसल्या बसल्या. मला वाटलं, त्यांचं त्यांनाच सुचतंय. मी विचारणार होतो, खरंच."

सगळी चाळ माझ्याकडं बघायला लागली. ती म्हातारी पण.

"खोटं बोलतोय," मी म्हणालो. "ह्या हातानं त्यो ठेका कवा वाजवला न्हाई."

आणि मला ते खरंच वाटत होतं.

"आबा..." एवढंच तो म्हणाला.

"चोरायचं तर चोरायचं, वर म्हाताऱ्या माणसाच्या नावावर घालायचं," चष्मेवाला म्हणाला आणि गिटार उचलून खोलीबाहेर गेला. बँड तिथंच मोडला.

संध्याकाळी बायकोनं ताट वाढलं. मी म्हणालो, "बघितलंस का, कसा खोटं बोलतोय."

"खोटं कुठं बोलला?" ती म्हणाली. "तुम्ही वाजवता की. लग्न झाल्यापास्नं ऐकते. खाटेच्या माच्यावर, डब्यावर, आता पिंपावर."

घास हातातच राहिला. "मग कवा बोलली का न्हाईस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का? माझं माहेर त्याच बाजूचं, ठेका वळखते मी. पयल्यांदा वाजवलात तवा वाटलं, कुणीतरी जाणार आता. ठोका पडला की मी मनात घरातली माणसं मोजायचे. सगळी हायत म्हणलं की पुढचं काम."

चाळीस वर्षं ती मोजत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी केसवाला पिशवी घेऊन दारात आला. खोलीची किल्ली त्यानं माझ्या हातावर ठेवली. "चुकलं माझं, आबा. विचारायला पायजे होतं." म्हणणं सोपं होतं. बाळा, खोटं मी बोललो, एवढंच म्हणायचं होतं. चष्मेवाला मागं दात घासत उभा होता, त्याच्या कानावर गेलं असतं. मी किल्ली मुठीत धरली आणि "संभाळून जा" म्हणालो. तो शिरूरच्या जीपमध्ये बसला. परत दिसला नाही.

चष्मेवाला वर्षभर राहिला. पेटीतली गाणी बंद झाली. खोली सोडताना म्हणाला, "खरं सांगू का आबा, तेवढं एकच गाणं होतं, ज्यातला तुकडा काढून दुसरीकडं लावता आला नसता. आन् तेच चोरीचं निघालं." मी मान हलवली. निवाडा मागितला होता, तो मी त्यालाही दिला नाही.

म्हणून आता लिहितोय. त्या पोरानं चोरलं नव्हतं. ठेका माझ्या बापाचा, हात माझा, ऐकणारा तो. त्यानं जसा ऐकला तसा धरला.

बायको जाऊन सहा वर्षं झाली, आता लेक-सुनेजवळ असतो. आमच्यात हलगी नसते, शांततेत नेली. पिंप तर मी तो पोरगा गेला तेव्हाच काढून टाकलं. बोटांचं मला कळत नाही, कधीच कळलं नव्हतं. पण परवा दुपारी खुर्चीत बसलो होतो आणि आत सून भाकरी थापत होती, तो आवाज थांबला. घरातली माणसं मोजून होतील तेवढाच वेळ. मग परत थापायला लागली.

मी हात मांडीखाली घेतला. तिला विचारलं नाही.