आटेमामांची शाल

"मामा, कसे आहात?" असं कुणी विचारलं, तर आटेमामा म्हणायचे, "मी बरा आहे. तुझा नट किती आटे घेतो ते सांग." माणसाआधी त्याच्या गाडीच्या चाकाची चौकशी! शमशाबादच्या पलीकडच्या एका ओसाड मैदानावर आमचा हौशी क्लब रविवारी गाड्या पळवतो. शर्यतीआधी प्रत्येक गाडी तपासायची आणि पास किंवा नापास म्हणायचं, हे मामांचं काम. जन्म इथल्याच गौलीगुड्यातला, वीज खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या मला त्यांनी पहिल्याच रविवारी नापास केलं होतं.

कारण होतं स्पेसर. स्पेसर म्हणजे चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब यांच्यामध्ये घालायची ॲल्युमिनियमची चकती. ती घातली की चाक बाहेर येतं, गाडी रुंद दिसते, वळणावर जरा घट्टही बसते. पण चकती जितकी जाड, तितका बोल्ट तिच्यातच संपतो आणि नटाला धरायला आटे, म्हणजे बोल्टवरच्या गोल खाचा, उरत नाहीत. म्हणून मामा चालवणाऱ्यालाच गुडघ्यावर बसवायचे. नट बोटांनी फिरवायचा आणि फेरे मोठ्यांदा मोजायचे. लाडावलेली बड्या घरची पोरंसुद्धा बालवाडीत असल्यासारखी मोजायची. आटे कमी भरले की मामा हात झटकायचे. "नक्को मियाँ. चौडी गाडी नक्को, सलामत गाडी होना."

आता क्लबात सांगतात की मामा जुन्या वळणाचे होते, त्यांना स्पेसरच चालत नसे. हे धादांत खोटं आहे. लांब बोल्ट बसवा, हबवर घट्ट बसणारी चकती आणा, मामा खुशाल पास करायचे. माझ्या गाडीला तर त्यांनी स्वतः आबिड्सची दुकानं पालथी घालून वेगळ्या ऑफसेटच्या रिम शोधून दिल्या. रिम हबवर जिथे टेकते ती जागा तिच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे, तो ऑफसेट. मी म्हटलं, "मामा, अजून थोडं बाहेर काढू या ना चाक." त्यांनी पाण्याने भरलेली बादली माझ्या हातात दिली आणि हात लांब करून धरायला लावली. माझा खांदा भरून आला तेव्हा म्हणाले, "बेअरिंगला पण खांदा असतो, बेटा. त्याला कायकू तकलीफ देते?"

मग क्लबाला देणगी देणारा एक बडा पैसेवाला मिळाला. त्याच्या पुतण्याच्या गाडीची चाकं दोन्ही बाजूंनी अशी बाहेर आली होती की विचारू नका. मामांनी ती लागोपाठ दोन शर्यतींना नापास केली. पुढच्या शर्यतीला आमच्या सेक्रेटरीने काय करावं? मामांना तपासणीवरून काढलं असं म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांचा सत्कार ठेवला! मंडप, हार, भाषण, शाल आणि नारळ. "मामांनी आता आराम करावा," असं सेक्रेटरी गोड हसून म्हणाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शालसुद्धा बेगम बाजारातून घाऊक आणलेली. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मामांनी शाल खांद्यावर घेतली, नमस्कार केला आणि मंडपातून उतरून सरळ त्या पुतण्याच्या गाडीपाशी गेले. खडीवर शाल अंथरली, तिच्यावर गुडघे टेकले आणि पुढच्या चाकाचा एक नट पान्याने सैल केला. दोन फेऱ्यांत तो त्यांच्या हातात आला. नट वर धरून ते ओरडले, "दोनच आटे आहेत! पोरगं मरेल!" सेक्रेटरीने त्यांच्या हातातून नट काढून घेतला. "मामा, आज आपका दिन है. आज काम नक्को," असं म्हणून त्याने तो पुन्हा लावायला सांगितला. लोक हसले. गाडी सुटली.

दुसऱ्याच वळणावर पुढचं चाक निखळलं आणि घरंगळत मंडपापर्यंत आलं. गाडी उलटली. पोराचा हात मोडला, जीव वाचला. माईकवर सांगण्यात आलं की नशीब खराब होतं. नशीब! मामांनी तीच मळलेली शाल त्या पोराच्या गळ्यात बांधून त्याचा मोडका हात तिच्यात अडकवला आणि त्याच्याबरोबर दवाखान्यात गेले. त्यानंतर क्लबाने त्यांना बोलावलं नाही, आणि न बोलावता जाणारे ते नव्हते.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. शोकसभेत सेक्रेटरी म्हणाला, "प्रेमळ माणूस, पण हट्टी." मी भर सभेतून उठून बाहेर आले. तो राग अजून उतरलेला नाही, उतरावा असं वाटतही नाही.

हल्ली शर्यतीच्या रांगेत मीच प्रत्येक गाडीपाशी जाते आणि विचारते, "किती आटे?" काही जण मुकाट्याने गुडघ्यावर बसतात. परवा सेक्रेटरी जवळ आला आणि तेच गोड हसून म्हणाला, "मॅडम, आपने क्लब के लिए बहुत किया. इस बार आपका भी सत्कार रखते."

"ठेवा," मी म्हटलं. "शाल मात्र जाड आणा. खडी गुडघ्यांना टोचते."