दवाखान्याच्या फाटकापर्यंत आलेली जीप

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता असं लिहिणार होतो... पण खरं सांगायचं तर तो आजही नाही. देवळात जातो तो मंडळींनी ओढून नेलं तर. इंटर सायन्सपर्यंत शिकलो (पास झालो नाही, ते सोडा) आणि जगात विनाकारण काही घडत नाही असंच मानत आलो. या सदरातले अनुभव वाचतानाही मी कारणं काढत बसतो — वारा असेल, भास असेल, ताप असेल. माझ्या स्वतःच्या अनुभवाला मात्र ती कारणं लावून पाहिली आणि एकही बसलं नाही. शिवाय त्यातला एक भाग मी अलीकडेपर्यंत कुणालाच सांगितला नव्हता. तो सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

आमची वस्ती देवळाली प्रवराच्या अलीकडे, पाटाच्या कडेला. घरात थोरले दादा, वहिनी, मी आणि माझी बायको. आईवडील लवकर गेले, त्यामुळे मला वाढवलं ते वहिनींनीच. दादाने नगरला मिलिटरीच्या लिलावात एक जुनी पेट्रोल जीप घेतली होती. रंग हिरवा, ताडपत्री फाटकी, आणि सायलेन्सर असा बिघडलेला की ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी फाट्-फाट् करायची. दादाने तो कधी बदलला नाही. म्हणायचा, "आपली गाडी आली ते लोकांना कळाया नको?"

आणि कळायचंच. त्याचा उपयोगही होता. वहिनींना दमा. थंडी पडली की एखाद्या सकाळी त्यांची धाप वाढायची, ओठ निळे व्हायचे. मग दादा त्यांना जीपमध्ये घालून देवळालीला डॉक्टरांकडे न्यायचा. शिरेत इंजेक्शन दिलं की तासाभरात वहिनी उठून चहा मागायच्या. हे इतक्या वेळा झालं होतं की पाटाच्या वळणावर आमच्या जीपची फाट्-फाट् ऐकू आली, की डॉक्टरांचा कंपाउंडर कुणी न सांगता स्टोव्ह पेटवायचा, सिरिंज उकळायला टाकायचा आणि जाऊन फाटक उघडायचा. दादा इंजिन बंद न करता वहिनींना उचलून थेट आत.

मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षी पेट्रोलचा भाव एकदम वर गेला. आमची जीप तर पेट्रोल प्यायची नाही, सांडायची. नगरच्या एका मिस्त्रीकडे मोडीत निघालेल्या गाडीचं डिझेल इंजिन आलंय असं मला कळलं, आणि माझ्या डोक्यात ते भरलं. जेवताना मी विषय काढला.

"डिझेल निम्म्यात पडतं, दादा. शिवाय ताकद जास्त."

दादा ताटातून मान वर न करता म्हणाला, "इंटर नापास इंजिनेर बोलतोय. ऐका."

"नापास असलो तरी गणित येतं मला."

"गणित हाय, पर गाडी न्हाई येत. ह्या इंजिनाला म्या हँडलचा एक हिसका दिला की चालू. तुझं ते डिझेल हिवाळ्यात झोपून ऱ्हाईल, बघ. आन् थंडीतच तर गाडी लागती आपल्याला."

हे तो वहिनींकडे न बघता म्हणाला. मला राग आला. प्रत्येक गोष्टीत याचंच का चालावं? मी ताट सारून उठलो. त्यानंतर दादा आणि मी बोलेनासे झालो. म्हणजे आमच्याकडची नेहमीची रीत — भांडण झालं की दोघांनी आपापलं म्हणणं वहिनींना सांगायचं आणि त्यांनी ते इकडून तिकडे पोचवायचं. "तुझ्या दिराला सांग, बैलांना पेंड टाक म्हनावं." "वहिनी, दादाला सांगा, टाकली." असं आठवडाभर चाललं. शेवटी वहिनीच कंटाळल्या.

"दोघं बी हितं बसा," त्या म्हणाल्या. "आता म्या सांगते तसं करायचं. मंजूर हाय का?"

दादा हसला. "सांग की. जीप तुझ्यासाठीच हाय. तू म्हनशील ते."

त्याला खात्री होती. मलाही वाटलं, संपलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. लहानपणी जेवायला रुसलो की पाहायच्या, अगदी तसंच.

"भाऊजींना करू द्या इंजिन," त्या म्हणाल्या. "त्येंनी कवा काय मागितलंय का घरात?"

दादाने शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः किल्ली माझ्यापुढे टाकली. एवढंच म्हणाला, "जुनं इंजिन इकायचं न्हाई. घरी आनायचं."

मिस्त्रीने सायलेन्सरसकट डिझेल बसवलं, आणि ते छान बसलं; जुनी फाट्-फाट् मात्र गेली. पण गाडी हवाली करताना तो म्हणाला, "भाऊ, ही बॅटरी हिला पुरणार नाही. मोठी घ्या. आणि हिला आता हँडल मारून चालू करता येणार नाही बरं का."

"उसाचं बिल आलं की घेतो," मी म्हणालो.

इथून माझं पाप सुरू होतं. आठ-पंधरा दिवसांतच सकाळी गाडी उठेना. सेल्फ दोनदा कण्हायचा आणि गप्प. मी दादाला सांगितलं नाही. पाटाच्या भरावावरून आमच्या वस्तीकडे एक उतार येतो. मी संध्याकाळी जीप त्या उतारावर लिंबाखाली लावू लागलो. सकाळी ब्रेक सोडला, गाडी गडगडली, गिअर टाकला की चालू. कुणी विचारलं तर म्हणायचो — तिथं सावली आहे. संध्याकाळच्या वेळी सावली! पण कुणी विचारलं नाही. बिल आलं, त्यातून बायकोला शिलाई मशीन घेतलं. बॅटरी राहिलीच.

पौषातल्या एका संध्याकाळी मी गाडी उतारावर लावत होतो, तेव्हा दादा तिथे आला. दोघा गड्यांच्या देखत म्हणाला, "का रं बापू? आंगनात काय काटं हाईत का? का तुझ्या डिझेलला झोपाया उतार लागतो?"

गडी हसले. मी जीप फिरवली आणि मुद्दाम अंगणाच्या मधोमध, सपाटीवर, दादाच्या बाजेसमोर नेऊन लावली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली होती, तरी थंडी हटत नव्हती. वहिनी चुलीपुढून उठल्या आणि दाराची चौकट धरून तिथेच बसल्या. श्वासाची ती शीळ मला गोठ्यात ऐकू आली. मी धावलो. सेल्फ मारला. कण्हला. पुन्हा मारला... नुसती टक् टक्.

"धक्का मारा!" दादा ओरडला. गडी, माझी बायको, दादा, सगळे लागले. अंगण नुकतंच खणून सारवायला घेतलं होतं, चाकं भुसभुशीत मातीत रुतत होती. एकदा इंजिन धडधडलं, काळा धूर टाकला आणि बसलं. वहिनी तिथूनच हात हलवत होत्या — राहू द्या, राहू द्या. किती वेळ ढकलत राहिलो, मला ठाऊक नाही. बैल आधीच जुंपले असते तर... पण मीच म्हणत होतो, "आता होईल, आता होईल, एकदाच."

शेवटी दादाने बैलगाडी जुंपली. वहिनींचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पाटाच्या वळणापर्यंत त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. वळण गेलं आणि हात सुटला.

दवाखान्यापाशी पोचलो तर फाटक सताड उघडं. डॉक्टर स्वतः बाहेर उभे, सिरिंज भरलेली, हातात. वहिनींना तपासलं आणि मान खाली घातली. मग एकदम माझ्यावर भडकले.

"मघाशी आला होतात ना? मग परत का फिरलात? मी सगळं तयार ठेवलं होतं!"

मला काही समजेना. "कोण आलं होतं?"

"अहो, तुमची जीप!"

कंपाउंडर पुढे आला. रडकुंडीला आला होता. "वळणावर आवाज आला म्हणून मी स्टोव्ह पेटवला, साहेब. फाट्-फाट्, तुमचाच. फाटकाशी येऊन थांबली. इंजिन चालूच होतं. मी धावत आलो, फाटक उघडलं... तर रस्त्यावर कुणीच नाही. आवाजही नाही."

व्हरांड्यात बसलेल्या पेशंटांनीही ऐकलं होतं. एक म्हातारी तर म्हणाली, "वहिनीबाई आल्या म्हनून म्या सरकून जागा केली की." सिरिंजचं पाणी आटून भांडं करपलं होतं. तो वास मला अजून आठवतो.

गाडीवरून उतरलेल्या दादाने हे सगळं ऐकलं. तो कंपाउंडरला म्हणाला, "कवा आलती?"

कंपाउंडरने सांगितलं त्यावरून हिशेब केला, तर आम्ही अंगणात धक्का मारत होतो तीच वेळ. जुनी जीप असती तर ज्या वेळी पोचली असती, ती.

कारणं मी शोधली. दुसरी एखादी जीप? साखर कारखान्यात विचारलं, तालुक्याला विचारलं. त्या सकाळी त्या रस्त्याने कुणाचीच आली नव्हती. आणि घरी आल्याबरोबर मी काय केलं असेल, तर गोठ्यामागच्या पडवीत गेलो. जुनं इंजिन गोणपाटाखाली होतं तसंच होतं. वर कार्बोरेटर नाही, पंखा नाही, मध्ये कोळ्याचं जाळं. मी हात लावून पाहिला. गार होतं. गरम असतं तर बरं झालं असतं, काहीतरी हाताला लागलं असतं.

दादाने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. लोक समाचाराला यायचे, त्यांना सांगायचा, "येळ भरली हुती तिची." जीप त्याने आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाला देऊन टाकली. मी तोंड मिटून बसलो. बॅटरीचं, उताराचं — काहीच बोललो नाही. वर्षं गेली. माझे केस पिकले.

परवा दादा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. मी त्याच्यासमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. मिस्त्री काय म्हणाला होता, मशीन का घेतलं, गाडी उतारावर का लावायचो. तो शेंगा फोडत राहिला.

"ठाव हुतं मला," तो म्हणाला.

"काय ठाव होतं?"

"उतारावर का लावतोस ते. रोज सकाळी बघायचो की म्या. तिला ढकलल्याबिगर उठत न्हाई, समदं ठाव हुतं." त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. "ठाव हुतं म्हनून तर गड्यांम्होरं बोललो त्या दिशी. तुझी जिरवायची हुती."

इतकी वर्षं आम्ही एका घरात, एका पंगतीला जेवत होतो.

हातातली शेंग फोडून तो म्हणाला, "तुझी वहिनी येळेवर पोचली बापू. आपुनच न्हाई पोचलो."

त्याचा तसा विश्वास आहे, आणि त्यावर तो जगतो. मला तेही जमत नाही. डॉक्टर आता हयात नाहीत. कंपाउंडर भेटतो, आणि विचारलं की तेच सांगतो, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. तो खोटं बोलत नाही, एवढं मला कळतं. पुढचं कळत नाही. कुणा वाचकाला कारण सुचलं तर जरूर कळवावं, मी हसणार नाही.

पण त्यासोबत एवढंही सांगावं — ती जीप जर येणारच होती, तर रिकामी दवाखान्याच्या दारात का गेली? आधी आमच्या दारात का नाही आली?