पान सत्त्याण्णव ते एकशे एकोणसाठ

इरा आणि नील,

हे पत्र मराठीत आहे आणि लांब आहे. बाबाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. त्याने मधले काही गाळले तर कळावे म्हणून मी पानांना क्रमांक घातले आहेत.

गेल्या रविवारी फोनवर इराने बातमी दिली. तिने कादंबरी ज्या प्रकाशकाला पाठवली होती त्याच्याकडून सात महिन्यांनी उत्तर आले. कादंबरीबद्दल त्यात एक अक्षर नाही. सुट्टीत आमच्याकडे येऊन बस, इतरांची हस्तलिखिते वाचायला मदत कर, शिकायला मिळेल, असे ते म्हणतात. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. इरा म्हणाली, "आजी, तू खूश नाहीस का?" मी म्हटले, आवाज नीट येत नाही. ते खोटे होते. आवाज स्वच्छ येत होता.

म्हणून आज लिहिते आहे. हे तुमच्या बाबालाही ठाऊक नाही.

मी सतरा वर्षांची होते. माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, नाशिक रोडला नोटांच्या छापखान्यात कामाला होते. नाशिक शहरातल्या मेन रोडवर एका प्रकाशकाचे कार्यालय होते. लाकडी जिना, वर दोन खोल्या. माझी कादंबरी कापडी पिशवीत घालून आम्ही दोघे तिथे गेलो. अण्णांनी सुट्टी काढली होती. लग्नकार्यात घालायचा पांढरा शर्ट घातला होता.

टेबलामागे प्रकाशक बसले होते. सगळे त्यांना काका म्हणत. शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त अधिकारी चहा पीत होते. काकांनी मान वर न करता विचारले, "पिशवीत काय आहे? दाखवा."

अण्णांनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले.

तुम्हाला हे समजणार नाही, म्हणून सांगते. छापखान्यातून सुटताना प्रत्येकाची झडती होई. रांगेत उभे राहायचे, पाळी आली की हात वर करायचे. कागदाचा कपटासुद्धा बाहेर जाता कामा नये. त्यात अपमान वाटण्यासारखे काही नव्हते, तो कामाचा भाग होता. पण रोज, वर्षानुवर्षे. खुर्चीतला माणूस 'दाखवा' म्हणाला की अण्णांचे हात आपोआप वर जात.

काका हसले. अधिकाऱ्यांचा चहा बशीत सांडला.

"अहो, मी काय पोलीस आहे का? खाली घ्या हात." मग अधिकाऱ्यांकडे वळून, "बघितलंत?"

अण्णाही हसले. तेच मला सहन झाले नाही. ते हसले आणि हात खाली घेताना शर्ट नीट केला.

मग काकांनी आडनाव विचारले. गाव विचारले. अण्णांनी सांगितले. काका "अच्छा" म्हणाले. त्या एका शब्दात आमचे सगळे आले. आमची आळी, आमचे देव, आमच्या ताटातले. टेबलावरची पेन्सिल उचलून तिच्या टोकाने त्यांनी माझी पाने उलटायला सुरुवात केली. बोट लावले नाही.

"कुणी लिहिलंय?"

"पोरीनं लिवलंय साहेब. इंग्रजी शाळंत होती, सिस्टरांच्या. पण लिवती मराठीत."

"कशावर आहे?"

मी सांगितले. नाशिक रोड स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत बसणारी एक बाई आहे. एकटी राहते. सगळ्यांना गाड्यांच्या वेळा सांगते आणि स्वतः कधीच कुठे जात नाही.

"हे तुमच्यातलं नाही," काका म्हणाले. "तुमच्यातलं लिहावं माणसानं. भूक, दारू, मारहाण. ते लोक वाचतात. आणि भाषा इतकी शुद्ध? कुठून उतरवलंय?"

माझ्यापुढे कोरा कागद सरकवून त्यांनी वर्तमानपत्रातला एक उतारा वाचायला घेतला आणि मला लिहून घ्यायला सांगितले. मी उभ्यानेच लिहिले. एकही चूक नव्हती. त्यांनी कागद अधिकाऱ्यांना दाखवला.

"अक्षर फार सुरेख आहे हो हिचं," अधिकारी म्हणाले.

कादंबरी त्या दिवशी परत मिळाली, कारण मी ती कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिली होती. छपाईसाठी द्यायचे ते एकाच बाजूला लिहायचे असते. आम्हाला कुणी सांगितले नव्हते. आमच्या घरात कागदाची एक बाजू मोकळी सोडणे म्हणजे माज. काका म्हणाले, "एका बाजूला लिहून आणा, मग बघू."

उन्हाळ्याची अख्खी सुट्टी मी ते उतरवले. दोनशे चौदा पाने. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीने क्रमांक, खाली छोटी रेघ. शेवटचे पान झाले तेव्हा अण्णांनी जुन्या वह्या मागितल्या. छापखान्यात बाद झालेला कागद मोजून नष्ट करत, एक खरा आणि एक बाद असे दोन कागद जगात ठेवत नसत. त्यांच्या लेखी पक्की प्रत झाली की कच्ची बाद. मलाही ते पटले. माझी नीटनेटकेपणाची आवड तेव्हापासूनची. सकाळी अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवला, त्यात आम्ही दोघांनी मिळून त्या वह्या घातल्या. अण्णा मोजत होते. पाच वह्या. मी त्या पाण्याने अंघोळ केली आणि नवी प्रत घेऊन शहराची बस पकडली.

काकांनी प्रत कपाटात ठेवली. पावती वगैरे काही नाही.

चार महिने गेले. मग निरोप आला की भेटून जा. अण्णांनी पेढे आणले. मी गेले तर काका म्हणाले की निवृत्त साहेबांच्या आठवणींचे पुस्तक निघते आहे, त्यांचे अक्षर कुणाला लागत नाही. "तू कॉलेज सुटलं की इथे येऊन बसत जा. आधी कच्ची प्रत काढ, साहेब तपासतील, मग पक्की कर. शिकायला मिळेल. तुझंही काम नजरेसमोर राहील माझ्या."

इरा, मी हो म्हटले. आनंदाने म्हटले.

मला खिडकीजवळ एक स्टूल आणि उतरते टेबल मिळाले. पक्क्या प्रतीसाठी चांगला कागद मिळे. कच्चीसाठी पाठकोरा, म्हणजे एका बाजूला काहीतरी लिहिलेला आणि दुसऱ्या बाजूला कोरा. गठ्ठा टेबलावर कोरी बाजू वर करून ठेवलेला असे. साहेबांच्या बदल्या, साहेबांचे बंगले, साहेबांचा कुत्रा. लिहून झाले, साहेबांनी तपासले, पक्की प्रत तयार झाली की कच्चीचा गठ्ठा चार तुकडे करून टोपलीत टाकायचा. तेही काम माझे.

कागद उलटून मी एकदाही पाहिला नाही. अण्णांनी लहानपणापासून बजावलेले होते. कामाच्या कागदावर काय आहे ते बघायचे नाही. जेवढे आपल्यापुढे आहे तेवढेच करायचे. त्यांनी ही शिस्त आयुष्यभर पाळली आणि कुणी त्यांच्याकडे बोट दाखवले नाही.

दर शनिवारी मी विचारी, "काका, माझं?"

"आहे की कपाटात. कुठे पळून जातंय?"

असे दोन महिने गेले. एका दुपारी साहेबांच्या कुत्र्याचे आजारपण लिहिताना मला पानाच्या डाव्या कोपऱ्यात, आतून उमटलेली, एक फिकट तांबडी खूण दिसली. खाली छोटी रेघ. ती खूण मी कितीतरी दिवस पाहत होते. डोळ्यांना दिसत होती, मला दिसत नव्हती.

मी पान उलटले.

एकशे एकोणसाठ. माझी बाई चौकशीच्या खिडकीत बसून एका म्हाताऱ्याला भुसावळच्या गाडीची वेळ सांगत होती.

मी लिहून झालेल्या पानांचा गठ्ठा उलटा केला. एकशे अठ्ठावन्न. एकशे सत्तावन्न. खाली खाली सत्त्याण्णवपर्यंत. त्याच्या आधीची पाने नव्हती. ती कुठे गेली हे मला विचारावे लागले नाही. शहाण्णव पाने मी माझ्या हाताने फाडली होती. चार-चार तुकडे करून, नीट.

मी गठ्ठा घेऊन काकांच्या टेबलापाशी गेले. साहेब बसलेले होतेच.

"काका, ही माझी कादंबरी आहे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "हो का? बघू. अगं, कागद संपले होते. पाठकोरे दिसले म्हणून काढले असतील कुणीतरी."

"मागे लिहिलंय त्याच्यावर."

"तूच लिहिलंयस की. मी लिहिलंय का?"

साहेब हसले. म्हणाले, "म्हणजे आता आपण दोघं एकाच कागदावरचे लेखक."

मी उरलेली पाने मागितली. एकशे साठपासूनची, अजून माझ्या टेबलावर न आलेली. काका म्हणाले, असतील कपाटात, बघू सवडीने. कपाटाला कुलूप होते. किल्ली त्यांच्या खिशात होती. ते उठले नाहीत.

मला रडू आले. ते मी लपवू शकले नाही. मी फक्त गठ्ठा छातीशी धरला आणि दाराकडे वळले.

दारात अण्णा उभे होते. पाळी संपली की ते मला न्यायला येत. त्यांनी किती ऐकले होते मला माहीत नाही.

"अहो, बरं झालं आलात," काका म्हणाले. "मुलगी ऑफिसचे कागद घेऊन निघालीय. एका बाजूला तिचं असेल काहीतरी, दुसऱ्या बाजूला साहेबांचं आहे. ते कसं नेणार? ठेवायला सांगा."

अण्णा मला म्हणाले, "ठेव बाई ते. कागद भाईर नेत नसतात."

आणि त्यांचे हात वर जाऊ लागले. कुणी दाखवा म्हटले नव्हते. नुसते 'कागद' म्हटले होते. छातीपर्यंत आले. तळवे उघडे.

त्या तळव्यांवर मी गठ्ठा ठेवला.

"धरा, अण्णा."

त्यांची बोटे मिटली. तीस वर्षे कागद हाताळलेली बोटे. कागद पडू देणे त्यांना जमणारच नव्हते. ते तसेच उभे राहिले. मागून काका काहीतरी म्हणत होते, साहेब म्हणत होते, अहो माझं प्रकरण आहे त्यात. मी अण्णांचा कोपर धरला आणि आम्ही जिना उतरलो. आयुष्यात पहिल्यांदा ते कागद घेऊन कुठल्यातरी दारातून बाहेर पडले.

बसमध्ये द्वारका चौक मागे गेल्यावर अण्णांनी विचारले, "मोजले का?"

"त्रेसष्ट."

"बाकीचे?"

मी खिडकीबाहेर पाहिले.

यानंतर सगळे ठीक झाले असे मी लिहिणार नाही. अण्णा कितीतरी दिवस दारावर थाप पडली की दचकत. पोलीस येतील असे त्यांना खरेच वाटे. गठ्ठा त्यांनी गव्हाच्या डब्यामागे ठेवला होता. परत देऊन ये, असे ते कधी म्हणाले नाहीत. बरे केलेस, असेही म्हणाले नाहीत. मी पुन्हा कपाटातली पाने मागायला गेले नाही. गेले असते तर काकांनी दिली असती का, हे मला आजही माहीत नाही. मी पहिले पान पुन्हा लिहायला बसले, कितीदा तरी. बाई खिडकीत येऊन बसेना. मी एम.ए. झाले, छत्तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले. साहेबांचे पुस्तक दुसऱ्या कुणाकडून तरी उतरवून घेऊन छापले गेले. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात त्याची प्रत होती. कुत्र्याचे प्रकरण मला पाठ होते.

पण जिना उतरताना एक गोष्ट माझ्यात पक्की झाली. त्याला बळ म्हणावे की हट्ट, मला माहीत नाही. सांगितले तेवढेच बघायचे, ही शिस्त मी त्या जिन्यावर सोडली. तेव्हापासून माझ्यापुढे आलेला प्रत्येक कागद मी आधी उलटून पाहते. शाळेत मुख्याध्यापकांनी सही मागितली तरी उलटून पाहिला. ते चिडत. चिडू दिले. माझे अक्षर सुरेख आहे म्हणून कुणी मला काम दिले तर मी विचारले, आणि माझे म्हणणे? त्यावर उत्तर आले नाही तर उठले. पुष्कळदा उठले. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी माझी खुर्ची राहिली नाही.

इरा, तिथे जायचे की नाही हे तू ठरव. मी सांगणार नाही. फक्त आधी त्यांना एका ओळीत विचार की माझी कादंबरी वाचली का. आणि ते काय उत्तर देतात ते मला जसेच्या तसे कळव.

नील, तू मोठा झाल्यावर माझे कागद आवरायला येशील, तेव्हा हे लक्षात ठेव. ती कादंबरी कुणाकडून पुरी करून घ्यायची नाही. आजीचे अपुरे स्वप्न म्हणून छापायची नाही. कच्ची म्हणून टाकायची नाही.

त्रेसष्ट पाने आहेत. पान सत्त्याण्णव ते एकशे एकोणसाठ. लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात, निळ्या फायलीत. दोन्ही बाजूंना अक्षर माझे आहे. कादंबरी तांबड्या आकड्यांच्या बाजूला आहे.