सैल बांबू

गल्लीमागच्या मैदानावर एक तांबडी घोडी उडी मारायला शिकते आहे. आज तिचा खूर आडव्या बांबूला लागला आणि बांबू पडला. शिकवणाऱ्या बाईंनी तो उचलून दोन खुंट्यांवर परत नुसता टेकवला. मी कुंपणाबाहेरून विचारलं, “बांधत का नाही?”

“बांधला तर बांबूऐवजी घोडी पडेल, भाऊ. मग ती पुन्हा उडी मारायची नाही. हाडं पक्की होईपर्यंत तर आम्ही बांबू जमिनीवरच ठेवला होता.”

माझ्या वाटेतले सगळे बांबू बांधलेलेच होते. तरुणपणी एकदाच आपटलो. तेव्हापासून त्याच कचेरीत, त्याच खुर्चीवर बसतोय, आणि लोक मला समाधानी म्हणतात.

घोडी पुन्हा धावत आली आणि अलगद पलीकडे गेली. तेव्हा लक्षात आलं, मी कुंपण दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.